पहाटे चारला पोटभर पितो, ते दूध कुणाचं?

प्रश्न : माझं वय २६. नागपुरात महालमध्ये सासरी राहते. पहिलंच बाळंतपण, सिझर झालं. सव्वा महिना माहेरी वर्ध्याला होते, दहा दिवसांपूर्वी इकडे आले. मुलगा सात आठवड्यांचा आहे. तो दूध नीट पीत नाही आणि सतत रडतो. छातीशी धरलं की दोन मिनिटं ओढतो, मग तोंड सोडतो, पाठ ताणतो, किंचाळतो. संध्याकाळी सहापासून दहापर्यंत नुसता आक्रोश. सासूबाई म्हणतात, "दूध पातळ आहे तुझं, लेकरू उपाशी रडून राह्यलं." शेजारच्या काकू डब्याचं दूध आणायला सांगतात. परवा मी हाताने दूध काढून पाहिलं, तर जेमतेम दोन चमचे निघालं. सासूबाई गुटीत जायफळ उगाळून देतात, तेव्हा तेवढा झोपतो. पहाटे चारला मात्र शांतपणे पितो. नवरा बुटीबोरीला कामाला आहे, यायला नऊ वाजतात. कधी कधी वाटतं, याला पाळण्यात टाकावं आणि कुठेतरी निघून जावं. मग असं वाटलं म्हणूनच रडू येतं. माझ्यातच काही कमी आहे का? डबा सुरू करू का? (जन्माला २ किलो ९०० होता, सहा आठवड्यांच्या लसीला ४ किलो भरला.)
— एक आई, नागपूर

उत्तर :

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू शेवटी कंसात टाकलीस. जन्माला २ किलो ९००, सहा आठवड्यांना ४ किलो. म्हणजे ४२ दिवसांत ११०० ग्रॅम, दिवसाला सरासरी २६. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढावं अशी अपेक्षा असते. त्यातही जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळ थोडं उतरतंच. ते भरून काढून वर तुझ्या लेकराने हे कमावलंय. कशावर? गुटीचं बोट सोडलं, तर त्याच्या पोटात तुझ्या दुधाशिवाय दुसरं काही गेलेलं नाही. जे दूध पातळ आहे, अंगी लागत नाही असं घरात रोज बोललं जातंय, त्याच दुधाचे हे ११०० ग्रॅम आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. ही सरासरी जवळजवळ सगळी वर्ध्याच्या दिवसांची आहे. नागपूरला आल्यापासून काय झालं, ते या आकड्यातून कळत नाही. तेव्हा येत्या आठवड्यात त्याचं वजन पुन्हा करायचं, आणि तोवर एक पूर्ण दिवस-रात्र ओले लंगोट मोजायचे. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा नीट ओलं होत असेल आणि लघवी फिकी असेल, तर दूध पोटात जातंय. शीवरून या वयात अंदाज बांधू नकोस. अंगावर पिणारी काही बाळं दीड महिन्यानंतर दोन-चार दिवस शी करत नाहीत आणि तरी ठणठणीत असतात.

"नीट पीत नाही आणि सतत रडतो" हे तू एका दमात लिहिलंस. घरात तर त्याचं एकच वाक्य झालंय : रडतो म्हणजे उपाशी आहे. या दोन गोष्टी आधी वेगळ्या कर. पोट भरतंय की नाही, याचं उत्तर वजनकाटा आणि लंगोट देतात. तो का रडतो, हे मात्र त्यांना सांगता येत नाही, कारण या वयाचं बाळ पोट भरलेलं असतानाही रडतं. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या आईबापांनी ठेवलेल्या रडण्याच्या नोंदी मांडल्या. ही चांगली, निरोगी बाळं होती. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती दिवसाला साधारण पावणेतीन तास रडत होती, आणि जास्त करून संध्याकाळी. दुसऱ्या आठवड्यापासून हे रडणं चढत जातं, सहाव्या-सातव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. तुझं बाळ आज नेमकं त्या शिगेवर आहे. तू सासरी आलीस आणि त्याच दिवसांत रडणं वाढलं, म्हणून सगळ्यांना, आणि तुलाही, दोष तुझ्यात दिसला. तू वर्ध्यालाच राहिली असतीस तरी या दिवसांत तो रडलाच असता.

आता ते दोन चमचे. आई हाताने किती दूध काढू शकते, यावरून तिला दूध किती आहे हे ठरत नाही. बाळाच्या जिभेला आणि जबड्याला जे जमतं ते आपल्या बोटांना जमत नाही, आणि जिवाची घालमेल चालू असताना पान्हा लवकर सुटत नाही. त्यात दीड महिना झाला की पहिल्या दिवसांसारखी छाती दगडासारखी भरून येत नाही, मऊ लागते. बाळाला लागेल तेवढं दूध बनायची अंगाला सवय झालेली असते. कित्येक जणी नेमक्या याच वेळी घाबरतात की दूध आटलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात एका नर्सने तिसऱ्या दिवशी छाती दाबून पाहिली आणि खोलीभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिला दूधच नाही." पुढे कितीतरी दिवस मी लेकीला जवळ घेताना अंग चोरत होते. तिला वर्षभर पाजल्यावरही ते वाक्य माझ्या कानातून गेलं नव्हतं. म्हणून तुझ्या त्या दोन चमच्यांवर मी इतकं बोलते आहे.

आणि पहाटे चार. पत्रात तू ही गोष्ट सहज लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथे थांबले. दूध तेच, आई तीच, बाळ तेच. मग चारला असं काय असतं जे संध्याकाळी सातला नसतं? मला तुझं घर डोळ्यांसमोर येतं. मे महिना, दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंती संध्याकाळी सगळी आग घरात सोडतात. समोरच्या खोलीत कूलरची घरघर, टीव्ही, ये-जा. सासूबाई बघताहेत, काकू बघताहेत, तू घामाघूम, आणि मनात एकच : आता तरी पी रे. तो दोन मिनिटं ओढतो, सोडतो. कुणीतरी म्हणतं, "बघा, येऊनच नाही राह्यलं दूध." तू त्याला दुसऱ्या बाजूला लावतेस, तो आणखी चिडतो. चारला भिंती निवलेल्या, घर झोपलेलं, तुझा परीक्षक कुणी नाही, आणि तोही अर्धवट झोपेत सैल असतो. दूध मुळातच आटलं असतं, तर पहाटेही तो असा शांतपणे प्यायला नसता.

तेव्हा पहिलं काम, पहाटेतलं जेवढं संध्याकाळी आणता येईल तेवढं आण. पाजायची जागा बदल. घरातली सगळ्यात कमी तापणारी, अंधारी खोली धर. कूलरचा झोत त्याच्या तोंडावर नको, पण खोलीत हवा खेळती हवी. टोपरं, मोजे, दुपट्याची गुंडाळी या उन्हाळ्यात काढून टाक, एक पातळ झबलं पुरे. संध्याकाळी पाचच्या सुमारास ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसून घे आणि रडण्याची वाट न पाहता छातीशी घे. भूक लागली की बाळ आधी मान वळवून शोधतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडात घालतं. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडून लाल झालेल्या बाळाला धरताच येत नाही. तसं झालं तर पाजायचा हट्ट सोड. आधी खांद्यावर घेऊन फिर, श्वास सैल झाला की मग जवळ घे.

धरण्याकडेही एकदा नीट बघ. सिझरच्या टाक्यांमुळे बायका नकळत बाळाला पोटापासून लांब धरतात, मग त्याला मान वळवून प्यावं लागतं. तू स्वतः पाणी पिताना मान खांद्याकडे वळवून बघ, घोट गिळवत नाही. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. डाव्या बाजूला पाजताना उजव्या हाताचा आधार त्याच्या मानेला आणि खांद्यांना दे, डोकं मागून दाबू नको. तोंड जांभईएवढं मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकेल असं जवळ ओढ. नीट लागला असेल तर त्याचा खालचा ओठ बाहेर वळलेला दिसेल, काळसर भाग वर जास्त आणि खाली कमी दिसेल, आणि तुला दुखणार नाही. मग कान लावून ऐक. आधी भरभर चोखेल, पान्हा सुटला की लय संथ होईल आणि घोटाचा हलका "क्हं" ऐकू येईल. तो आवाज येत असेल तर घड्याळ बघू नकोस. एक बाजू त्याला पुरी संपवू दे. त्याने सोडलं तर ढेकर काढ आणि पुन्हा तीच बाजू दे, मग दुसरी. दोन मिनिटांतच ठसका लागून, खोकून तोंड सोडत असेल, तर दूध कमी नसून जोरात येतंय असंही असू शकतं. तेव्हा थोडं मागे रेलून, त्याला अंगावर घेऊन पाज.

उन्हाळा आहे म्हणून दोन चमचे पाणी द्या, हे तुला कुणीतरी सांगेलच. आपल्याकडे पारा ४५ ला जातो तरी सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी द्यायचं नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. वरून पाणी दिलं की तेवढं दूध कमी प्यायलं जातं आणि जुलाबाची भीती वेगळी. तो थोडं थोडं, वारंवार मागेल, ती त्याची तहान आहे. पाणी तू पी. पाजायला बसताना तांब्या शेजारी असू दे.

डबा सुरू करू का, असं विचारलंस. आज नाही. डब्याचं दूध वाईट म्हणून मी नको म्हणत नाही. पण बाळ चोखेल तेवढं दूध बनतं. संध्याकाळी बाटली दिली की तो अंगावर कमी ओढेल, अंग कमी दूध बनवेल, आणि महिन्याभरात "दूध कमी आहे" हे खरंच होऊन बसेल. दुसरीकडे, पुढच्या वजनात वाढ दिसली नाही आणि डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं, तर अपराधी वाटून न घेता दे. आधी तुझंच काढलेलं दूध, ते पुरलं नाही तर डब्याचं. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं वापर. आणि पावडर डब्यावर लिहिल्याइतक्याच पाण्यात. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवणारी घरं मी पाहिली आहेत. ते बाळ दिवसभर पितं आणि वजन मात्र घटतं.

सासूबाईंबद्दल. जायफळ बंद करायला हवं. जायफळाने गुंगी येते. पोटाचं दुखणं थांबत नाही, बाळ सुस्तावतं आणि सुस्तावलेलं बाळ पीत नाही. "पीत नाही" या तुझ्या तक्रारीत गुटीचाही वाटा असू शकतो. गुटीत मध असेल तर तो एक वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. पण हे त्यांना कसं सांगशील? त्या सहाणेवर जायफळ उगाळतात तेव्हा त्यांना नातवाचं रडणं ऐकवत नसतं. हातातली सहाण नुसती काढून घेतलीस तर त्यांच्यापाशी उरेल ते बोलणंच. त्याऐवजी पुढच्या वेळी त्यांनाच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, गुटीचं त्यांनीच विचारावं, उत्तर त्यांनीच ऐकावं. वजनकाट्यासमोर त्यांनाच उभं कर. आणि संध्याकाळचं एक काम त्यांच्या हक्काचं करून दे : तेल लावून अंग चोळणं, किंवा पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं. तान्ह्या बाळाला कसं धरायचं ते त्या हातांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. "दूध पातळ" हे वाक्य घरात बंद व्हायला हवं, हे मात्र नवऱ्याने आपल्या आईशी बोलावं. सुनेने बोललं की भांडण होतं.

रडणं रोजच्यापेक्षा वेगळं वाटलं की आधी बाळाला पूर्ण उघडं करून उजेडात बघ. माझ्याकडे एकदा सक्करदऱ्याहून एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. दुपारपासून पोरगी थांबत नव्हती, गुटी देऊन झाली, दृष्ट काढून झाली. मोजा काढला तर मधल्या बोटाला आईचा एक लांब केस वेटोळा बसला होता आणि बोट जांभळं पडलं होतं. डॉक्टरांनी तो अलगद कापला आणि पाच मिनिटांत पोरगी झोपली. हाता-पायांची बोटं, लंगोटाखालची जागा, कानामागे, जांघेत काही फुगलंय का, तोंडात पुसूनही न जाणारे पांढरे चट्टे आहेत का, हे सगळं बघायचं.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र उद्यावर टाकू नको. अंग १००.४ डिग्री किंवा त्याहून तापलं; दोन-तीन वेळा पाजायला घेऊनही तोंडच लावलं नाही; उठवूनही उठत नाही, अंग सैल पडलंय; सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली किंवा फुगली; हिरवी उलटी झाली, किंवा प्रत्येक पाजण्यानंतर दूरवर फेकल्यासारखी होते; शीत रक्त दिसलं; शी पांढुरकी होते किंवा डोळे अजून पिवळे आहेत; श्वास मिनिटाला साठच्या वर आहे, छाती आत ओढली जाते, किंवा पिताना दमतो, ओठ निळसर होतात. यातलं एकही दिसलं तर रात्र असो की भर दुपार, सरळ दवाखाना. तुला महालहून मेयो आणि डागा ही सरकारी रुग्णालयं जवळ आहेत, मेडिकलही लांब नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन कर. यातलं काही नसलं तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना तुझ्यासमोर बाळाला पिताना बघायला सांग. नुसतं तपासून नाही, पिताना. जीभ खाली बांधलेली असणं, दूध वर येणं अशी कारणं शोधायला त्यांना ते बघावं लागतं. तुमच्या भागातल्या आशाताईलाही हाक मार. नवजात बाळाच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी जाऊन वजन करायचं, पाजणं बघायचं, ही पद्धत आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि मग देशभर गेली. ४२ दिवस होऊन गेले म्हणून ती नाही म्हणणार नाही.

आता तू. पाळण्यात ठेवून निघून जावंसं वाटतं, हे लिहायला तुला किती जड गेलं असेल. असं वाटणारी तू पहिली नाहीस, आणि त्यामुळे तू वाईट आई होत नाहीस. त्या क्षणी काय करायचं ते सांगते : खरंच पाळण्यात ठेव. पाठीवर, तोंडाजवळ दुपटं-उशी काही नाही, आणि दार ओढून गच्चीत जा. दहा मिनिटं. तोंडावर पाणी मार. दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. वैतागाच्या भरात त्याला गदागदा हलवलं, तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, नवऱ्यालासुद्धा.

पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल, तर हा बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. आपल्या देशात साधारण पाचातल्या एका बाळंतिणीला तो होतो आणि उपचारांनी बरा होतो. पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांवर मदत करणारा, १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बाळाला काही करावंसं वाटलं, तर दोन आठवडे थांबू नकोस, त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलाव आणि फोन लाव.

पुढचा मजकूर नवऱ्याला वाचायला दे. भाऊ, तुम्ही नऊला थकून येता, मला कळतं. जेवलात की बाळाला घ्या. हात आडवा धरा : बाळ त्यावर पालथं, तुमच्या कोपराकडे त्याचं डोकं, दोन्ही बाजूंनी पाय लोंबताहेत, आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर. असं घेऊन गच्चीत फेऱ्या मारा, तोंडाने एकसुरी "हूं" करत. तो थांबेलच असं नाही. नाही थांबला तरी दहापर्यंत तो तुमच्याकडेच. त्या तासाभरात त्याच्या आईने आतल्या खोलीत दार लावून झोपायचं आहे, आणि तिला कुणी उठवायचं नाही.

आणि सोमवारी वजन. काटा तोच, ज्यावर लसीच्या वेळी केलं होतं. बाळ उघडं करून, लंगोटसुद्धा काढून. ओल्या लंगोटाचे पन्नास ग्रॅम धरले गेले, तर दोन दिवसांच्या वाढीचा हिशेब चुकतो.